सहा हातांचं दार

माणूस कुणाच्या घरी गेला की आधी घरधन्याच्या तोंडाकडे बघतो. धाकू मेस्त्री दाराच्या डोक्याकडे बघायचा. उंबऱ्यात उभा राहून, मान वर करून, चौकटीच्या वर भिंतीत जी आडवी तुळई घातलेली असते तिच्याकडे तो इतका वेळ टक लावून बघे, की आतल्या माणसाला वाटावं वर साप निघाला. एकदा मेव्हणीसाठी स्थळ बघायला तो बायकोबरोबर नेवऱ्याला गेला होता. मुलाच्या बापानं पानाचं तबक पुढे केलं, आणि धाकूचं पहिलं वाक्य काय, तर तुमची तुळई पोटातून खाली आली आहे, पावसात दार अडकत असणार. दार अडकत होतं, ते खरंच. पण सोयरीक काही जुळली नाही, आणि हौसानं, म्हणजे धाकूच्या बायकोनं, त्याला असल्या कामाला नेणं त्या दिवसापासून बंद केलं.

मी जयगडला शाळामास्तर होतो, आणि माझा स्वभाव उतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातली गत. एखादी गोष्ट डोक्यात आली की ती त्याच दिवशी झालेली हवी, नाहीतर मला जेवण गोड लागत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो घोटाळा झाला तो याच स्वभावातून झाला. 

धाकू मूळचा गलबतांचा सुतार. त्याच्या बापानं आणि त्यानं खाडीच्या काठावर किती गलबतं उभी केली ते मला मोजून सांगता येणार नाही. लाकूड कुठे वाकतं, किती वाकतं आणि केव्हा मोडतं, हे त्याच्या तळहाताला कळायचं. पण आगबोटी वाढल्या, गलबतांना माल मिळेना, आणि सव्वीस-सत्तावीस सालापर्यंत काठावर नवं गलबत दिसेनासं झालं. राहिली ती होड्यांची डागडुजी. तेवढ्यावर पोट भरेना, म्हणून धाकू घरांच्या कामाकडे वळला, आणि तिथे त्याची गाठ रावजी गवंड्याशी पडली.

रावजी तेव्हा साठीला आलेला. गावातलं एक घर असं नव्हतं, ज्याचा चिरा रावजीनं नाहीतर त्याच्या बापानं लावला नव्हता. चिरा म्हणजे आमच्या तांबड्या जांभ्याचा तासलेला दगड. आमची सगळी घरं त्याचीच. घर कसं बांधायचं ते रावजीनं ठरवायचं आणि सुतारानं मुकाट्यानं लाकूड पुरवायचं, अशी गावची रीत. रावजी माणूस वाईट नव्हता, पण हट्टी, आणि त्याचं म्हणणं एकच: पाण्यातल्या सुतारानं पाण्यातच राहावं. त्याच्या शब्दाबाहेर जाऊन धाकूला कोणी काम देईना.

मुंबईहून धाकूच्या भावाची पत्रं येत होती. गोदीत सुताराची जागा आहे, पावसाळ्यात बोटी बंद व्हायच्या आत निघून ये. ती पत्रं मीच त्याला वाचून दाखवायचो, आणि खोटं कशाला बोलू, वाचताना एखादं वाक्य मुद्दाम गाळायचो. धाकूला जायचं नव्हतं. हौसाची आंधळी आई तिच्याजवळच राहायची. तिला टाकून हौसा हलणार नव्हती, म्हणजे तो गेला तर एकटाच गेला असता. बत्तीस सालच्या उन्हाळ्यात गोष्ट अगदी सरळ होती. गावात एक मोठं काम त्याच्या हातून पार पडलं तर धाकू राहणार, नाहीतर शेवटच्या बोटीत बसणार.

रावजीचा आणि त्याचा तंटा कशावरून, तर एका उभ्या-आडव्यावरून. चिऱ्याची भिंत चांगली रुंद असते. म्हणून आमच्याकडे दारावरची तुळईही फळीसारखी रुंद आणि पातळ करून आडवी निजवायची. भिंतीची रुंदी भरली म्हणजे झालं. पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलेलं. धाकू म्हणे, इथेच सगळे चुकतात. शाळेच्या पायरीवर बसून त्यानं मला ते दाखवलं. माझी फूटपट्टी घेतली, पाट्यांच्या दोन चवडींवर आडवी ठेवली आणि मध्ये बोट दाबलं. पट्टी लवली. मग तीच पट्टी कडेवर उभी धरली आणि मला म्हणाला, आता दाबा. मी दाबलं. अंगठा दुखला, पट्टी हलली नाही. तीच पट्टी, तेवढंच लाकूड! मला इतका आनंद झाला, की त्याच दुपारी मी चारही इयत्तांना तो प्रयोग करून दाखवला आणि शाळेच्या दोन पट्ट्या मोडल्या.

दुसरी गोष्ट त्यानं एका पडक्या घरात दाखवली. तिथे दारावरची तुळई वाळवीनं खाल्ली होती आणि वरचे चिरे खाली आले होते. पण अख्खी भिंत आली नव्हती. दाराच्या दोन्ही कोपऱ्यांपासून पायऱ्या-पायऱ्यांनी वर जाऊन मिळणारं एक त्रिकोणी भगदाड तेवढं पडलं होतं; त्याच्या वरचे आणि बाजूचे चिरे एकमेकांना धरून जागच्या जागी होते. म्हणजे तुळईनं पेलायचा तो तेवढाच त्रिकोण. यावरून धाकूनं आपला हिशेब बसवला होता: दार जितके हात रुंद, त्या प्रत्येक हाताला दोन बोटं तुळईची उंची. तीन हातांच्या दाराला सहा बोटं. मात्र छपराचं किंवा माळ्याचं ओझं नेमकं दाराच्या डोक्यावर येत असेल तर आणखी बोटं वाढवायची. मी जन्मभर पोरांना त्रिकोण शिकवला, पण भिंतीतला त्रिकोण मला एका अक्षरशत्रू सुतारानं दाखवला.

आणि अशातच शाळेची नवी इमारत निघाली. तोवर शाळा देवळाच्या धर्मशाळेत भरायची. गावानं अंगमेहनत द्यायची ठरली, चिरे गावच्या खाणीतले, कौलं मंगळुरी. एकापुढे एक दोन खोल्या, मध्ये एक आडवी भिंत, त्या भिंतीच्या माथ्यावर मधोमध एक खांब आणि त्या खांबावर छपराचं आढं. इथवर ठीक. पण इयत्ता चार आणि मास्तर मी एकटा! एका खोलीत पाढे म्हणून घ्यावेत तर दुसऱ्या खोलीत कुस्ती सुरू. मला त्या मधल्या भिंतीत असं दार हवं होतं, की तिथे खुर्ची टाकून बसलं की दोन्ही खोल्या डोळ्यांसमोर. किती रुंद, तर सहा हात.

देवळात सभा भरली. रावजीनं माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सहा हात कुणी ऐकलेले नाहीत. हवी तर तीन-तीन हातांची दोन दारं देतो, मध्ये चिऱ्याचा खांब ठेवून. खरं सांगायचं तर सूचना वाजवी होती. पण मी उखडलो. मध्ये खांब म्हणजे उनाड पोरांना लपायची आयती सोय! माझी दोन-तीन रत्नं तर तिथेच कायमचा मुक्काम ठोकणार होती. मी म्हटलं, तसं असेल तर मी धर्मशाळेतच बरा. तेव्हा मागे खांबाला टेकून बसलेला धाकू उभा राहिला.

"मी घालतंय सहा हातांची तुळई," तो म्हणाला.

"आणि ती पोरांच्या डोक्यावर आली तर?" रावजीनं विचारलं.

या प्रश्नाला हसण्यासारखं काही नव्हतं, आणि कोणी हसलंही नाही. धाकूनं जरा विचार केला. मग तो म्हणाला की भिंतीत घालायच्या आधी तुळई उघड्यावर ठेवू. वर जितकं ओझं येणार त्याच्या दीडपट सगळ्या गावासमोर तिच्यावर रचू. एका सुताहून जास्त लवली, तर रावजीनं तिच्यावर चिरा लावू नये आणि आपण मुंबईची बोट धरू. सूत म्हणजे सुतारांचं माप, इंचाचा आठवा हिस्सा. रावजी तयार झाला. आनंदाच्या भरात मी मांडीवर अशी थाप मारली, की शेजाऱ्याची चंची उडून सगळी सुपारी देवळात पसरली.

सहा हातांना बारा बोटं, आढ्याच्या खांबासाठी आणखी चार. सोळा बोटं उंच आणि चार बोटं जाड अशा दोन तुळया, भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक, कडेवर उभ्या. टेकायला दोन्ही टोकांना वीत-वीत. एवढा लांब, सरळ, बिनगाठीचा ऐनाचा सोट गावात नव्हता. तो खाडीपलीकडे वेळणेश्वराच्या बाजूला निघाला. एका बागायतदारानं दोन वर्षांमागे तोडून वाळत टाकलेला, तो त्यानं शाळेसाठी म्हणून दिला. ऐनाचं लाकूड पाण्यात तरंगत नाही, म्हणून दोन होड्यांच्या मध्ये बांधून आणला. काठावर ओढायला सगळा गाव लोटला होता. दोर धरून मीही ओढत होतो. धोतर कमरेपर्यंत भिजलं, आवाज बसला, आणि दुसऱ्या दिवशी पोरांना खुणांनी शिकवावं लागलं. त्या सोटातून जेमतेम दोन तुळया निघाल्या. उरलं ते जळण.

आता माझा पराक्रम. तुळया घडवून, तेल पाजून धाकूनं शाळेच्या जागेवरच्या मांडवात ठेवल्या, वरची बाजू कोणती आणि खालची कोणती याच्या कोळशानं खुणा केल्या, आणि एका होडीच्या कामासाठी तो चार दिवस बुरोंडीला गेला. इकडे माझ्या डोक्यात आलं, विद्येचं दार, त्यावर सरस्वती नको? घराच्या दारावर आपण गणपतीला जागा देतोच की. धाकू परत येऊन बघेल तेव्हा केवढा खूश होईल! मी लगेच एका खोदकाम करणाऱ्याला गाठलं आणि दर्शनी तुळईच्या मधोमध, खालच्या कडेला, वीतभर रुंद आणि चार बोटं उंचीचा, आरपार असा सुबक कोनाडा कोरून घेतला. खालच्या कडेला एवढ्यासाठी, की नमस्कार करताना लहान पोरांना मान फार वर करावी लागू नये. इतका विचार केला होता मी! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

धाकू आला तो थेट मांडवात शिरला. मी मागोमाग, तोंडभर हसत. त्यानं कोनाडा बघितला, त्यावरून हात फिरवला आणि तो जमिनीवर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं एक ओली फांदी उचलली, माझ्या डोळ्यांपुढे हळूहळू वाकवली आणि मला नीट बघायला लावलं. वरच्या अंगाला साल चेपून सुरकुतली होती. खालच्या अंगाला ती ताणून फाटायला लागली होती.

"मास्तर, लाकूड वरनं मोडत नाय, खालनं फाटतं," तो म्हणाला. "आणि मधोमध सगळ्यात जास्त. तुमी नेमकं तिच्या पोटावरच घाव घातलाव."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही बातमी गावात पसरायला कितीसा वेळ लागणार? रावजी आला, त्यानं कोनाडा बघितला, पण टोचून बोलला नाही. नुसता मान हलवून गेला, आणि ते अधिक लागलं. दुसरं लाकूड नव्हतं. शेवटच्या बोटीला बारा दिवस होते. हौसा त्या संध्याकाळी माझ्या दारावरून पाण्याला गेली, नेहमीसारखी थांबली नाही. एका माणसाचा संसार माझ्या कौतुकापायी मोडत होता, आणि मला कुणी रागेसुद्धा भरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो, तर धाकू धावत आला. त्याच्या हातात दोन काठ्या होत्या, दोन्हींना मधोमध खाच पाडलेली. एक काठी त्यानं माझ्या ओट्याच्या कडेवर आणि पायरीवर टेकवून ठेवली, खाच खाली, आणि तळहातानं दाबली. काडकन मोडली. दुसरी ठेवली, पण खाच वर करून. आता दाबली तर खाच मिटायला लागली. मग त्यानं त्या खाचेत लाकडाची एक चीप घट्ट ठोकून बसवली आणि मला काठीवर पाय द्यायला सांगितलं. मी पाय दिला, मग जोर दिला, मग जवळजवळ उभाच राहिलो. काठी कुरकुरली, पण मोडली नाही. खाली ताण, वर दाब. दाबाच्या जागी पोकळी राहिली तर ती गच्च भरून काढता येते. ताणाच्या जागी नाही. गलबताच्या तुळईचा वरचा भाग कुजला की तेवढा तासून, त्यात खैराची पाचर ठोकून आपण वीस वर्षं काम चालवलंय, आणि कालच्या दिवसभरात हे आठवलं नाही म्हणून तो स्वतःलाच शिव्या घालत होता. तुळई उलटी घालायची! मी तसाच, अर्धं तोंड धुतलेला, त्याच्याबरोबर मांडवाकडे पळालो.

पण गावाला हे पसंत पडेना. देवीसाठी कोरलेली जागा उलटी करायची, तिच्यात पाचर ठोकायची आणि वर दगड रचायचे? दोन-चार म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मी शास्त्र, पुराण, जे आठवेल ते बोलून बघितलं. माझं कोण ऐकतो, मुळात पाप माझंच. वाद संपवला तो हौसानं. ती भाकरी घेऊन आली होती. तिनं वाकून कोनाड्यात बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "देवी कुटं हाय यात? मास्तरांनी नुसतं बीळ पाडलंय." म्हातारे हसले, आणि तिथेच ते प्रकरण मिटलं.

खैराच्या दोन पाचरी धाकूनं अशा तासल्या, की एक या अंगानं आणि दुसरी त्या अंगानं ठोकत गेलं की दोन्ही एकमेकींना आवळत जाव्यात. शेवटचे घाव त्यानं स्वतः घातले. सांध्यात नख शिरेना. रावजी लांबून बघत होता.

आणि मग तो दिवस! शाळेच्या जागेसमोर चिऱ्यांचे दोन ओटे सहा हातांच्या अंतरावर उभे केले. ओटे रावजीनंच रचले, टेकायचे चिरे ठोकून, आवाज ऐकून निवडले; पैज आपल्या विरुद्धची असली तरी कामात कसर करणं त्याच्या हाडात नव्हतं. दोन्ही तुळया भिंतीत बसायच्या तशाच अंतरावर, उलटीची पाचर वर. खालून एक दोरा ताणून बांधला, आणि तुळईच्या मधोमध एक खिळा असा मारला की त्याचं डोकं दोऱ्यापासून बरोबर एक सूत वर राहावं. खिळा दोऱ्याला टेकला की धाकू मुंबईला. त्रिकोणातले चिरे आणि छपराचा भार धरून धाकूचा हिशेब चाळीस चिऱ्यांचा होता, म्हणून रचायचे साठ. मोजायचं काम माझ्याकडे, आणि रावजी खाली पालथा पडून, एक डोळा मिटून खिळ्याकडे बघणार.

एकेक चिरा म्हणजे एका माणसाला छातीशी धरून आणावा लागणारा ऐवज. दहा झाले. वीस झाले. रावजी काही बोलेना. तिसाव्या चिऱ्याला मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की झाडावरचे कावळे उडाले. चाळीस! आता भिंतीत येणार तेवढं ओझं वर आलं होतं. बायका उंबराखाली उभ्या होत्या, त्यात हौसा सगळ्यात मागे, पदर दातांत धरून. धाकू मात्र तुळईकडे बघतही नव्हता. तो ओट्याला कान लावून बसला होता. सेहेचाळिसाव्या चिऱ्याला लाकडातून करकर असा लांबलचक आवाज आला.

सगळे मागे सरले. चिरा आणणारा माणूस जागीच थांबला. रावजी मात्र खालून हलला नाही. डोक्यावर तेवढे चिरे असताना तो म्हातारा पालथाच पडून राहिला. धाकूनं कान तसाच ठेवून हात वर केला आणि सांगितलं की पाचर बसतेय, घाला पुढचा. माणूस पुढे होईना. तेव्हा धाकू उठला, त्यानं त्याच्या हातातला चिरा घेतला, स्वतः वर ठेवला आणि तिथेच तुळईला छाती लावून उभा राहिला. सत्तेचाळीस. आवाज नाही. पन्नास. पंचावन्न. मी आता आकडे म्हणत नव्हतो, बोंबलत होतो, आणि माझ्याबरोबर सगळा गाव. साठ!

रावजी खालून सरपटत बाहेर आला, छातीवरची तांबडी माती झटकली, आणि अंगठ्याच्या नखावर बोटानं अर्धं सूत दाखवलं. अर्धंच! मी धाकूला मिठी मारली, चिरा घेऊन जागीच थांबलेल्या माणसालाही मारली, आणि नशीब माझं, रावजीला मारायला निघालो तोवर तो घरी निघून गेला होता. जाताना कोणाशी एक शब्द बोलला नाही.

आठ दिवसांत भिंत चढली, खांब उभा राहिला, आढं बसलं, कौलं लागली. रावजीनं तुळयांवरचे चिरे स्वतःच्या हातानं लावले, पण धाकूशी बोलला तो कामापुरता. मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि दोन्ही खोल्या डोळे भरून बघितल्या. लोक येत, तुळईखाली उभे राहत, वाहवा म्हणत आणि घरी जात.

वाहवा म्हणत आणि घरी जात, एवढंच. मला वाटलं होतं, आता धाकूच्या दारात कामांची रीघ लागेल. पण घर बांधायचं तर गवंडी हवा, गवंडी म्हणजे रावजी, आणि रावजीनं अजून तोंड उघडलेलं नव्हतं. त्याच्या आधी बोलायची कुणाची छाती होईना. कौतुकानं चूल पेटत नाही. पैज जिंकलेला माणूस गावात राहायला मोकळा होता, पण राहून खाणार काय? शेवटच्या बोटीच्या आदल्या दिवशी हौसानं त्याचे कपडे धुऊन वाळत टाकले, तेव्हा मला कळलं काय ते. मी रावजीच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सुनवायला निघालो होतो. बायकोनं मला हाताला धरून बसवलं. ती म्हणाली, तुम्ही आजवर मदत केलीत तेवढी पुरे.

दुपारी धक्क्यावर गर्दी होती. आगबोट बाहेर उभी, आणि माणसं तिच्यापर्यंत न्यायला पडाव भरत होता. धाकूची पत्र्याची ट्रंक, वर वळकटी. हौसा जवळ उभी होती आणि दोघं एकमेकांकडे न बघता आंधळ्या सासूच्या औषधाबद्दल बोलत होती. मी मुंबईत काय काय जपावं ते सांगत होतो. मी मुंबई बघितलेली नव्हती. पडाववाला हाका मारायला लागला. धाकूनं ट्रंकेला हात घातला.

तेव्हा चढणीवरून रावजी उतरताना दिसला. साठीचा माणूस, पण भरभर येत होता, आणि हातात चिव्याच्या बांबूची एक लांब काठी होती, तिच्यावर दोन खाचा. तो थेट धाकूपुढे येऊन उभा राहिला. धाप लागली होती. गर्दीत ओळखीचे शंभर लोक होते, आणि आवाज खाली आणायचा त्यानं जराही प्रयत्न केला नाही.

"धाकू, ही माझ्या माजघराच्या खिडकीची रुंदी," तो म्हणाला. "वरची भिंत फाटलीय. बापानं घातलेली तुळई, निजवलेली. दर दिवाळीला मी चुना मारून भेग झाकतंय. बारा वर्षं झाली."

आख्खा धक्का ऐकत होता. ज्यानं गावातली सगळी घरं बांधली, तो स्वतःच्या घरात बारा वर्षं भेग झाकत होता, आणि ते आज भर दुपारी चारचौघांत सांगत होता. धाकूनं काठी हातात घेतली, खाचांमधलं अंतर आपल्या हातानं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"भेग सरळ वर जाते की तिरकी?" त्यानं विचारलं.

"तिरकी. दोन्ही कोपऱ्यांतनं."

"चला, उजेड हाय तवर बगू या."

आणि दोघं चढणीला लागले. मागे वळूनसुद्धा न बघता! पडाववाला धाकूच्या नावानं ओरडत होता. मी त्याला ओरडून सांगितलं, की तो येत नाही, येत नाही, पडाव सोड. आवाज माझा होता की दुसऱ्या कुणाचा, मलाच कळेना. वर रावजी हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि धाकू काठी हवेत आडवी धरून त्याला काहीतरी दाखवत होता. हौसा हसत होती आणि रडत होती. मग तिनं पदर खोचला, ट्रंकेचा एक कान स्वतः धरला आणि मला म्हणाली, "मास्तर, दुसरा तुमी धरा."